शेपटीचा दांडा

पुरवणी जबाब, दि. २७ फेब्रुवारी २०२५
(जप्त विमानसदृश लाकडी वस्तूबाबत)

मी शमशुद्दीन दाऊद मोमीन, वय ६८ वर्षे, धंदा लाकडी विमाने बनवणे, रा. शनिवार पेठ, पुणे. बोलावल्यावरून आज पुन्हा पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

वारजे येथील महिपती जगदाळे, वय ७६, हे नौदलातून निवृत्त झालेले. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या, शेपटीतून मागे लांब दांडा निघालेल्या चार पंख्यांच्या विमानात ते अकरा वर्षे रडारपुढे बसले. काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. ते विमान एकदा हाताला लागावे, एवढ्यासाठी त्यांनी मला ते सागवानात करायला सांगितले.

फोटो नव्हता. ते आठवून सांगत, मी लिहून घेई. त्यांनी बोटे आणि विती सांगितल्या, मी तेच लिहिले. शाळा उर्दूत झाल्याने वही उर्दूत आहे. दर आठवड्याला मी काम घेऊन वारजेला जाई आणि ते हात फिरवून चूक काढत. गिऱ्हाईक पसंत म्हणेपर्यंत मी पॉलिश करत नाही, त्यामुळे लाकूड कोरेच होते.

दि. ३ रोजी त्यांनी सगळे पसंत केले. फक्त म्हणाले, "शमशुभाई, शेपटीचा दांडा जाड झालाय हो. करंगळीएवढा करा, मग झालं." मी विमान चादरीत गुंडाळून दुपारच्या बसने निघालो. दांडा चादरीबाहेर राहिला होता. शेजारच्या माणसाने विचारले, "चाचा, काय आहे हे?" मी म्हणालो, "सैन्याचं टेहळणीचं विमान." खेळणे म्हणालो असतो तर घरी पोचलो असतो. पण मी खेळणी करत नाही. त्याने फोन लावला, पुढच्या थांब्यावर पोलीस आले. विमान आणि वही जप्त झाली.

दि. ५ रोजी जगदाळेसाहेबांना त्यांची मुलगी पूर्णिमा रिक्षाने ठाण्यात घेऊन आली. त्या वेळी मीही हजर होतो. ते म्हणाले, "विमान माझ्या हातात द्या, काय आहे ते मी सांगतो." वस्तू पोत्यात सीलबंद असल्याने ती उघडता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हवालदार राकेश ढमाले यांनी आपल्या जबाबदारीवर पोते तसेच त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी पोत्यावरून चाचपले आणि मला विचारले, "दांडा केलात का?" मी म्हणालो, "राहिला, साहेब." ते म्हणाले, "करा. मी आहे अजून."

त्यानंतर मी सहा वेळा ठाण्यात आलो. वस्तू व वहीच्या तपासणीचा अहवाल यायचा आहे, असे सांगण्यात आले. कोणी वाईट बोलले नाही, चहाही दिला. काय करावे ते मला कळत नव्हते. हत्यारे घेऊन येतो, इथेच तुमच्यासमोर बसून तासतो, असेही म्हणालो. तशी तरतूद नाही.

दि. २४ रोजी सकाळी जगदाळेसाहेब वारले. पूर्णिमाताईंनी फोनवर सांगितले की, शेवटचे दोन दिवस त्यांचा हात पांघरुणावर काहीतरी चाचपत होता.

काल अहवाल आला. वस्तू सागवानी लाकडाची असून वहीतील मजकूर म्हणजे बोटांची व वितींची मापे आहेत, असे त्यात आहे. हे मी पहिल्या दिवशीच सांगितले होते.

वस्तू कोणाला परत द्यावी, असे विचारल्यावरून सांगतो की, ती पूर्णिमाताईंना द्यावी. दांडा मी आता तासणार नाही. बरोबर झाला का, हे कोणाला विचारू? पॉलिशही कोणी करू नये. त्याआधी पॉलिशपेपर मारावा लागतो आणि डाव्या पंखावर साहेबांच्या बोटांचे डाग पडले आहेत, ते जातील.

हवालदार ढमाले यांनी वरील सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त सुरुवातीला 'विमानसदृश लाकडी वस्तू' लिहिले आहे, तिथे 'विमान' लिहावे, अशी विनंती केली. पंचनाम्यात तसेच असल्याने बदल करता येत नाही, असे समजले. सही केली आहे.