आजच्या आज न्यायचा रॅक

नाही हो, जाहिरातीत किंमत लिहायची राहिली नाही, लिहायचीच नव्हती — फुकट म्हणजे फुकट. अट एकच, आजच्या आज न्यायचा. उद्या रविवार, उद्या पहाटे तो इथं दिसता कामा नये. शुभंकर ना तुम्ही? नागपूरचे, आणि राहता महादेवपुरात — म्हणजे अख्खं गाव ओलांडून मल्लेश्वरमला आलात की, एका लाकडी रॅकसाठी. मी गुरुदत्त. आम्ही इथले पाच पिढ्यांचे, त्यामुळे बोलताना मध्येच कन्नड घुसतं, चालवून घ्या. स्वल्प असे समोर या माझ्या, हां, आणि टेपचं टोक धरा. किती भरतंय? सहा फूट — बरोबर. चार सायकली आरामात. विकतचा नाही, या हातांनी केलाय. लाकूड? ग्रॅनाइटच्या दुकानाबाहेर लाद्यांखालचे पॅलेट टाकून देतात ना, ते मागून आणले. खिळे उपसण्यातच दोन दिवस गेले, मग रंधा मारला, आणि सगळीकडे स्क्रू वापरलेत, खिळा एक नाही — खिळ्यानं फळी चिरते. इथं बोट लावून बघा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आहेत, रिमला ओरखडा पडायला नको म्हणून. मागच्या पायाखाली ही चकती का? गॅरेजची फरशी मोरीकडे उतरती आहे. तुमच्याकडे सपाट असेल तर काढून टाका.

आणि ही एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर उपयोग नाही. सायकली सगळ्या एका तोंडानं लावायच्या नाहीत. एक पुढच्या चाकानं आत, शेजारची मागच्या चाकानं आत — एक पुढून, एक मागून. तसं केलं तरच हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल — कोणाला म्हणजे? ज्यांच्या या सायकली आहेत त्यांना. ही बारीक टायरची सुधींद्रची. तो पलीकडच्या गल्लीत राहतो, आम्ही चौथीपासून एका बाकावरचे. ही जाड टायरची मोहनकुमारची, ही त्याच्या बायकोची, श्यामलाची, आणि ती कोपऱ्यातली माझी. ते सगळे फ्लॅटवाले, लिफ्टमध्ये सायकल मावत नाही, माझं घर जुनं, गॅरेज रिकामं — म्हटलं, ठेवा इथं. प्रत्येकाच्या टायरची रुंदी मोजून फटी कापल्या. गॅरेजची एकेक किल्ली तिघांना दिली. सात वर्षं दर रविवारी आम्ही चौघं पहाटे पाचला निघून देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत जायचो, तिथं कॉफी, आणि परत. बायको गेल्यानंतर — जाऊ दे. रविवार होता म्हणून आठवड्याचे बाकीचे दिवस निघाले, एवढंच सांगतो.

बरं, मग देतो कशाला, हेच ना? सांगतो. गेल्या महिन्यापासून राईड बंद. एका रविवारी कोणाचं लग्न, एका रविवारी मोहनकुमारची पाठ धरली. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, होतं असं. राईड नसली की मी सात वाजता आठव्या क्रॉसच्या गल्लीत भाजीला जातो, तिथंच इडली खातो, नऊच्या पुढे घरी. हे त्यांना ठाऊक आहे. झोपतो मी मागच्या खोलीत, हेही ठाऊक. गेल्या रविवारी भाजीची पिशवी घेऊन आलो, पाना शोधायला गॅरेज उघडलं, आणि बघतो तर तीन सायकली एका तोंडानं लावलेल्या. घाईघाईनं. हँडलं एकमेकांत अडकलेली. चाकांना लाल माती, आणि ती ओली. आमच्या गल्लीत लाल माती कुठून आली हो? माझी सायकल तेवढी कोरडी, तिच्यावर धूळ. मी तिथंच खाली बसलो, ती पिशवी मांडीवर घेऊन. माझ्याच गॅरेजमधून, मीच दिलेल्या किल्लीनं, मी झोपलेला असताना सायकली काढायच्या, आणि मी बाजारात गेल्यावर परत आणून ठेवायच्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं?

भांडलो नाही. मला ऐकायचं होतं कोण काय बोलतं. सोमवारी श्यामलाला फोन केला, मनगट कसं आहे विचारलं. ती बिचारी सरळ, म्हणाली, "मी बरी आहे अण्णा, तुम्ही डोळ्याची काळजी घ्या." डोळ्याची. तिला माझ्या डोळ्याचं कोणी सांगितलं? ती गोष्ट जगात दोघांनाच माहीत — मला आणि सुधींद्रला. तपासणीला तोच आला होता बरोबर, आणि बाहेर आल्यावर देवळाच्या पायरीवर मी त्याच्याकडून शब्द घेतला होता की कोणाला बोलायचं नाही. काही मोठं नाही हो, काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याला कडेचं जरा कमी दिसतं. समोरचं स्वच्छ दिसतं — तुमच्या शर्टाची बटणं मोजून दाखवू? आणि एकदा कोणी आंधळा म्हटलं की मग हात धरून रस्ता ओलांडून देतात, मला ते नको होतं. एवढंच मागितलं होतं त्याच्याकडे. तेवढंही त्याला जमलं नाही.

मनगटाला? तिच्या मनगटाला काय झालं ते... पडली ती. तीन महिन्यांपूर्वी, किल्ल्याच्या दरवाज्यापाशी. मी कॉफीसाठी उजवीकडे वळलो आणि ती उजवीकडून येत होती. प्लॅस्टर घालावं लागलं. आता तुम्ही चेहरा असा करू नका, तिनं घंटी वाजवायला नको? मागून येणाऱ्यानं वाजवायची असते. कोणी मला एक शब्द बोललं नाही, सुधींद्रनं तर तिलाच हळू चालव म्हणून सांगितलं. आणि तिचं प्लॅस्टर निघालं, त्यानंतरच ही लग्नं आणि पाठदुख्या सुरू झाल्या. काल संध्याकाळी तो आला होता, इथंच, तुमच्यामागच्या त्या खुर्चीत बसून माझ्या हातची कॉफी प्यायला आणि म्हणाला, "या रविवारीपण नाही रे जमत, मोहनच्या मेहुण्याची वास्तुशांत आहे." माझ्याकडे बघून म्हणाला. पन्नास वर्षं ओळखतो मी त्याला, खोटं बोलताना तो कानाची पाळी चोळतो. चोळत होता. तो गेला आणि मी लगेच जाहिरात टाकली. उद्या पहाटे येतील, शटर उचलतील, आणि सायकली फरशीवर ढीग घातलेल्या दिसतील. तेवढं मला बघायचं आहे. नाही, बोलणार काही नाही, नुसता दारात उभा राहणार.

चला, आधी सायकली उतरवू. नको, तुम्ही राहू द्या, मला सवय आहे. ही माझी. ही मोहनची — जड आहे, बाजूला. आता ही श्यामलाची, हिचं हँडल असं उजवीकडे फिरवलं की सरळ बाहेर —

अरे. अहो. लागलं का? पेडल लागलं? बघू नडगी — रक्त येतंय की. तुम्ही समोर होता ना, इकडे उजवीकडे कधी आलात? आवाज तरी द्यायचा, मला काय — दिलात? दोनदा?

बसा. त्या खुर्चीत बसा. रुमाल घ्या, स्वच्छ आहे, दाबून धरा.

दोनदा म्हणालात ना.

मग तिनं घंटी वाजवली असणार.

पाणी देऊ? नको. बरं. मग उठा आता, आणि निघा. नाही, रॅक नाही मिळणार. हो, जाहिरात टाकली होती, कळतंय मला, लांबून आलात. माफ करा. टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांगा. जाता जाता ती मोहनची सायकल जरा उचलून लावा माझ्याबरोबर — मागच्या चाकानं आत, हां, आणि श्यामलाची पुढून. सुधींद्रची तोंडाशी राहू दे, तो सगळ्यांत आधी येतो. पहाटे पाचला निघायचं असतं त्यांना. माझी इथं नको, त्यांच्या वाटेत येईल, ती आत घेतो मी. जा तुम्ही.