तुमचा प्रवास इथेच संपतो

...आणि तुम्हाला सांगतो, दिवस इतका साधा, की मी डबा उघडून पहिला घास घेणार तेवढ्यात शिपाई आला, प्राचार्यांनी बोलावलंय म्हणून, आणि घास हातातच. प्राचार्य खुर्चीत रेलून म्हणाले, पुस्तकातून उद्योजकता शिकवायचे दिवस गेले, आता टीव्हीवर तो कार्यक्रम असतो ना, धंद्याच्या कल्पना मांडतात, परीक्षक दर आठवड्याला कुणाला तरी घरी पाठवतात, तसा तास घ्या. आणि जाता जाता, अगदी सहज, सत्राअखेरीस वर्ग रिकामा दिसला तर विषय बंद. म्हणजे मीही बंदच की हो, मला दुसरं शिकवता येतं तरी काय?

बरं, तो कार्यक्रम मी कधी धड पाहिलेला नाही. आमच्याकडे तो हिचा विषय. परीक्षकांच्या आधी ही निकाल द्यायची, "हा जाणार बघा, फार गोड बोलतोय," आणि तो जायचाच. ही गेल्यापासून टीव्हीवर कापड होतं, ते काढलं, धूळ पुसली, मुलीला फोन केला, कुठलं बटण दाबायचं म्हणून. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि हा कार्यक्रम? आई असती तर..." आणि मग बटण सांगितलं.

मग जे पाहिलं तेच केलं. टेबलामागे मी, कपाळाला आठ्या घालून. पहिला मुलगा स्वतःच्या बुटांशीच बोलत होता, मी आवाज खोल काढून म्हटलं, "तुमचा प्रवास इथेच संपतो." टाळ्या! त्याने दप्तर उचललं, सगळ्यांच्या गळ्यात पडला आणि गेला. पुढच्या आठवड्यात दोघं गेले, त्याच्या पुढच्यात आख्खा गट, आणि गेलेलं कुणी परत येईना. आधी वाटलं, ताप असेल. किती जणांना एकदम ताप येणार? शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच काढलंत ना त्यांना? तिथे काढलेला परत येतो का कधी?" येत नाही, खरं आहे. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

थांबवावं म्हटलं, तर प्राचार्य खिडकीतून डोकावून "वा, रंगतंय" म्हणून निघून जायचे, रंगलेला खेळ मोडायचा कसा? मोडला नाही... आणि शेवटच्या तासाला वर्गात पहिल्या बाकावरची ती आणि मी. ती म्हणाली, "मी जिंकले ना सर? मग मीही जाऊ?" जाऊ म्हणजे कुठे? तर कँटीनच्या मागे.

गेलो तिच्यामागून, तावातावानेच गेलो. तर तिथे पायऱ्यांवर दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर प्रयोगशाळेचे पांढरे कोट, आणि माझा सगळा वर्ग! पास होऊन गेलेल्यांचे कोट मागून आणायचे, धुवायचे, बटणं लावायची, नव्या मुलांना विकायचे. बुटांशी बोलणारा तो बटणं लावत होता, वर न बघता म्हणाला, "सर, तुम्ही काढलेलं माणूस आम्ही लगेच कामाला लावतो. मध्ये मापं घेणारं कुणी नव्हतं, तेवढ्यात तुम्ही तिघांना काढलंत, बरं झालं." मी म्हटलं, अरे, तासाला का नाही आलात? तर म्हणतो, "वेळ कुठे होता सर?" आता यात त्यांचं तरी काय चुकलं, सांगा.

तेवढ्यात मागून प्राचार्य. रिकामा वर्ग पाहूनच आले होते, चेहरा तसाच होता. त्यांनी दोऱ्या पाहिल्या, मुलं पाहिली, एकीने तर मापाची फीत त्यांच्या खांद्याला लावलीसुद्धा. ती फीत खांद्यावरून काढून तिच्या हातात देत म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन तुकड्यांना शिकवा." असं, बघा! विषय वाचला, मीही वाचलो.

फक्त पुस्तकातला भागीदारीचा धडा तेवढा शिकवायचा राहून गेला.