आधी इंजन तापू द्या, मामा

...आन् वर सासरं मलाच म्हणत्यात, पावणं, तुमच्या मोटारीलाच थंडी भरलीया! आता काय बोलावं, सांगा. तुमाला सांगतो, मोटार जुनी हाय, पर हलकी न्हाई. गोऱ्या सायबाची हुती, लढाई सरल्यावर तो गेला विलायतंला आन् मोटार आली माज्याकडं, माधवनगरला. आत हीटर हाय, हीटर! बटन लावलं की पायापाशी ऊन वारं. पर कवा? इंजनाचं पाणी तापल्यावर. त्येचीच ऊब आत येती, न्हाईतर कुठनं यायची? पर ह्ये आमच्या सासऱ्याला, आप्पासो मामांला, सांगायचं कुणी?

झालतं काय, दिवाळीला अंजनाला, म्हंजी आमच्या मंडळीला, ह्याच मोटारीतनं कुंडलला माहेरी सोडलं. गार इंजनावरच तिनं बटन लावलं आन् वाटंत गारठली, आठ दिस शिंकत हुती. मार्गेसरात आणाय गेलो, तर मामा दारात उभं, अंगावर घोंगडं. "मोटार ऊन झाल्याबिगर लेक धाडायची न्हाई. आधी मी बसून बघणार." बसा म्हणलं. मी हँडल मारून मोटार चालू करतोय, तवर ह्यांनी लावलं की बटन! गार वारं सर्रकन् धोतरात... आवं, आधी इंजन तापू द्या, मामा! तर म्हणत्यात, "चूल पेटली की लगीच ऊब देती, तुमच्या इंजनाला काय धाड भरलीया?" मी बंद केलं, ह्यांनी पुन्यांदा लावलं. तवर सासूबाई, बनुबाई, फुललेली शेगडी घिऊन हजर. "येवढ्या डबड्यापरास माजी शेगडी बरी. ठिवा पायापाशी." पेट्रोलच्या गाडीत शेगडी? मला दरदरून घाम फुटला. समद्या मोटारीत ऊन असा मी येकटाच.

मग मिलिटरीत डायवर हुतो तवाचा इलाज काढला. मोटारीच्या तोंडाशी रेडिएटर असतोय, त्यो झाकायचा, आन् उभ्या उभ्या भुरभुर करण्यापरास गाडी हळूहळू चालवायची, मग इंजन बिगीनं तापतंय. म्हणलं, येक पोतं द्या. "समद्या पोत्यांत शेंगा हाईत," सासूबाई म्हणाल्या. मग ऱ्हायलं काय? मामांचं घोंगडं! मागितलं, तर असं बघितलं, जणू बैल मागितला. "माणसानं कुडकुडायचं आन् मोटारीनं पांघरायचं? ही कुठली रीत?" वाटलं, संपलं. आता हात हालवत माघारी जायाचं, आन् परत आपल्या हातची करपकी भाकरी.

तेवढ्यात अंजना आली. सरळ बाच्या अंगावरचं घोंगडं ओढलं आन् मोटारीच्या तोंडाला बांधलं. तवा मला कळलं, हिलाबी यायचंय! लय बरं वाटलं, गड्या.

निघालो. अंजना मागं, मामा फुडं, काकडल्यालं, बोट बटनावर. "आता?" न्हाई. "आता?" आधी इंजन तापू द्या, मामा! ओढा वलांडला आन् म्हणलं, लावा. लावलं मामांनी... ऊन वारं गुडघ्यापतुर आलं, डोळंच मिटलं त्यांचं. मी हळूच इचारलं, "धाडताय न्हवं लेक?"

"धाडतो की. पर मीबी येतो चार दिस."

चार दिस! आता चैत लागला. रोज सकाळी मोटारीत जाऊन बसत्यात. परवा घाम पुसत इचारत हुतं, "पावणं, गार वाऱ्याचं बटन कंचं?" काय करता... आणाय गेलो बायकूला, आन् नांदाय आला सासरा.