डोळे आखलेल्या मूर्तींसमोर

माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत.

मी रोह्याचा. पेणला रामवाडीत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत एकटाच माउथ ऑर्गन वाजवतो. तिथे डोळे न आखलेल्या मूर्ती असतात. कोणी बघितलं की माझा श्वास अडकतो, त्यांच्यासमोर अडकत नाही.

एकदा आत गेलो, तर आमच्याकडे डोळे आखणाऱ्या सुमनताईने सगळ्यांचे डोळे आखून टाकलेले. चाळीस गणपती माझ्याकडे बघत होते. ऑर्गन खिशात टाकून तसाच बाहेर आलो.

"काय रे, आज वाजवणार नाय?" सुमनताईने विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"भिंत पत्र्याची हाय बाबा. रोज ऐकतोय आम्ही."

मालक, म्हणजे आमचे दादा, तिथेच होते. "मग आमच्या मंडळात वाजव की. स्टेज हाय, माईक हाय."

दादांना मी आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तरी बोललो, "नाय दादा. ते माझ्यापुरतं हाय."

सुमनताई हातातला ब्रश न थांबवता म्हणाली, "बरोबर बोलला. सगळंच काय मिरवणुकीत न्यायचं?"

दादा हसले आणि कारखान्याची चावी माझ्या हातात दिली. "आम्ही नऊला येतो. त्याच्या आधी वाजव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने पेणला आलो, कुलूप उघडलं, त्या चाळीस जणांसमोर मांडी घालून बसलो आणि अख्खं गाणं चुकांसकट वाजवलं.