रिमा बसत्यात म्हनलं मी

माझं नाव सुखदेव, आन मी मूळचा करकंबचा, पंढरपूर तालुक्यातला. आमची बुद्धाची वस्ती गावाच्या कडंला, बाप बाजारात हमाली करायचा, आई लोकाच्या रानात. सातवी झालो आन शाळा सुटली, का सुटली ते सांगन्यासारकं न्हाय, सुटली. मग माळशिरसकडं एका साकर कारखान्याच्या गॅरेजला लागलो, तितं ट्रक आन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची चाकं खोलायची आन बसवायची, दुसरं काय न्हाय, सकाळपास्नं सांजंपत्तूर चाकं. पंचवीस वर्सं तेच केलं की. मंडळी वारली तवा आमची प्रज्ञा दहावीत हुती. तिला शिकवायची म्हनून सोलापुरात आलो, होटगी रोडच्या अंगाला एक खोली घेतली आन टायरच्या दुकानात लागलो, आजून तितंच हाय. चाकाचं काम म्हनलं की मालक मलाच हाक मारत्यात. अलॉयच्या रिमा बसवायच्या तर आदी सुखदेवला दाखवा म्हनत्यात. ह्ये मी फुशारकीनं सांगत न्हाय, पुढचं कळावं म्हनून सांगतोय, का तर मला येत नव्हतं म्हनून चुकलो आसं जर आसतं तर मी आज असा खाली मान घालून बसलो नसतो तुमच्यापुढं.

प्रज्ञा शिकली, शाळंवर बाई झाली, लग्न झालं. जावई राहुल, सरकारी हापिसात हायेत, मानूस चांगला, पन त्यांच्या घरी समदी शिकलेली, इंग्रजीत बोलनारी. मी गेलो की खुर्चीच्या कडंवर बसायचो, हाताची नखं काळी, ती कितीबी घासली तरी निघत न्हाईत, म्हनून हात मांडीखाली घालून बसायचो. कोन काय बोलायचं न्हाय मला, वंगाळ तर मुळीच न्हाय. पन कोन काय इचारायचंबी न्हाय. सा वर्सं त्या घरात मला कुनी एक प्रश्न इचारला न्हाय, चहा घेनार का, ह्यो सोडून.

तर काय झालं, जावयांनी गाडी घेतली, जुनीच, पन चांगली. आन एका रविवारी मला फोन केला, मामा, या घरी, तुमच्याकडंच काम हाय. मी गेलो तर खाली गाडीपाशी त्यांचे दोन भाऊ, हापिसातले दोगं-तिगं, आन पुठ्ठ्यावर चार अलॉय रिमा मांडलेल्या, वापरलेल्या पन चकचकीत, कुनातरी मैतराच्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीच्या काडलेल्या. आन जावई समद्यांपुढं माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हनलं, हे आमचे मामा, चाकाच्या कामात सोलापुरात ह्यांच्यासारका मानूस न्हाय, आता बगा कशा बसवत्यात.  मंडळी आसती तर तिला सांगितलं आसतं.

मी खाली बसलो, माप घेतलं. आता तुम्हाला सांगतो, रिम, म्हंजे टायर जिच्यावर चढतं ती चकती, नुस्ती चार भोकं मोजून घ्यायची चीज न्हाय. चार भोकं पुष्कळ गाड्यांना असत्यात. ते चार बोल्ट एका गोलात असत्यात, त्या गोलाचं माप गाडीगाडीला येगळं. कुनाचं शंभर एमेम, कुनाचं अठ्ठ्यानव. परत मधलं भोक, ते गाडीच्या हबवर, म्हंजे चाकामागच्या गोल गड्ड्यावर, घट बसाय पायजे, न्हायतर समदा भार नुस्त्या बोल्टांवर येतो. आन नटाचं टोक निमुळतं असतं, ते रिमंच्या खळग्यात चारी बाजूनं टेकाय पायजे. जावयांच्या गाडीचं माप शंभर. त्या रिमा अठ्ठ्यानवच्या. दोन एमेम म्हंजे किती ओ, तांदळाच्या दान्याएवढं. बगनाऱ्याला वाटंल बसतंय की. मला म्हाईत हुतं न्हाय बसत. मधलं भोकबी ढिलं हुतं.

मी मान वर केली. जावई हसत हुतं, भावाला म्हनलं, बग, मामा माप कसं घेत्यात. मग मला इचारलं, मामा, बसतील न्हवं? तुमी म्हनाल तसं, तुमी न्हाय म्हनला तर माघारी देतो.

बगा, एवढं सरळ इचारलं त्यांनी. माघारी देतो म्हनलं. आन मी म्हनलं, बसत्यात की, न बसायला काय झालं.

का म्हनलं? कितींदा इचारलं मी मला. सा वर्सांनी कुनीतरी इचारलं हुतं, आन मला न्हाय म्हनून ते घालवायचं नव्हतं, दुसरं काय न्हाय. समदी चहाला वर गेली. मी म्हनलं, तुमी व्हा पुढं, मी काम आवरून येतो. आन ती गेल्यावर पिशवीतनं गोल कानस काडली आन भोकं जराजरा घासून वाढवली, बोल्टाला जागा व्हावी म्हनून. कारखान्यात मी आसं करताना एकाला बगितलं हुतं तवा त्याला हाकलून द्या म्हनून सायबाकडं गेलतो मी. मीच.

चारी चाकं बसवली, नट आवळलं, नट जरा वाकडं बसल्यालं मला बोटाला कळत हुतं. वर गेलो, मला समद्यांच्या मधी खुर्चीत बसवलं.

त्याच्या पुढचं तीन रविवार मी सकाळी फिरायला आलतो म्हनून त्यांच्या घराखाली जायचो आन गाडीपाशी बसून नट आवळायचो. दर खेपंला सैल झाल्यालं असायचं. दर खेपंला वाटायचं आज सांगायचं. सांगितलं न्हाय.

मग करकंबला माझ्या भावाच्या नातीचं बारसं निगालं. आमी तिगं निगालो, जावई चालवायला, प्रज्ञा त्यांच्या शेजारी डाव्या अंगाला, मी मागं. मोहोळच्या अलीकडं मला आवाज आला, खट, खट, खट, पायाखालनं. तो आवाज मी झोपंतबी वळकीन. जावई म्हनलं, रस्ता खराब दिसतोय. मी म्हनलं, पाव्हणं, जरा थांबता का, मला लघवीला लागलीया. चहाच्या टपरीपाशी थांबलं. ती दोगं चहा घ्याया गेली आन मी डिकीतनं पाना काडला. उजवीकडची दोनी चाकं आवळली. डावीकडं वळलो तवर प्रज्ञा आली, आप्पा, काय करताय? मी पाना पाठीमागं धरला. म्हनलं, हवा बगत हुतो. चला म्हनली, तितं समदी वाट बगत असतील. आन मी बसलो की गाडीत. पाना पायापाशी टाकला आन बसलो. एक शबूद बोललो आसतो, डावीकडचं नट राहिल्यात म्हनलो आसतो, तर काय झालं आसतं? लाज गेली आसती, एवढंच.

मोहोळ मागं पडलं आन पुढचं डावं चाक निगालं. गाडी त्या कोपऱ्यावर टेकली, फराफरा घासत रस्त्याखाली गेली आन बाभळीला डावं अंग लागलं. जावयांनी जोरात पळवली नव्हती म्हनून जीव वाचलं. मला खरचटलंबी न्हाय. जावयांच्या कपाळाला लागलं. प्रज्ञाचा डावा खांदा मोडला.

आता जे सांगतो ते मी बारक्या आवाजात सांगतो. मी मागचं दार उघडून उतरलो. पोरगी कन्हत हुती, आप्पा म्हनून हाक मारली तिनं. आन माझा पयला पाय चाकाकडं गेला. ते चाक गाडीच्या पुढं घरंगळत ज्वारीच्या रानात जाऊन पडलं हुतं. मी तिच्या खिडकीपास्नं पुढं गेलो, ज्वारीत शिरलो, चाक पालतं केलं आन भोकं बगितली, कानशीचं वळ दिसत्यात का म्हनून. मग माघारी आलो आन तिला धरलं.

खांद्यात स्टीलची पट्टी टाकली डाक्टरांनी. ती डावरी हाय, फळ्यावर लिवायला तोच हात. दवाखान्यात ती जावयांवर लई भडकली, तुमच्या हौसंपायी झालं, कुनाच्या तरी गाडीच्या जुन्या रिमा आनल्या, आप्पांकडनं जबरीनं बसवून घेतल्या. जबरीनं म्हनली ती. जावई खाली बगून म्हनलं, व्हय, चुकलं माझं. मी शेजारच्या स्टुलावर बसून हुतो.

नवऱ्याच्या घरी जायचंच न्हाय म्हनली, माझ्या खोलीवर आली. चार म्हयने मी तिची वेनी घातली, घास भरवला. एकदा घास घेताना म्हनली, आप्पा, तुमी हाय म्हनून मी हाय. त्या दिवशी मी माझी भाकरी तशीच झाकून ठिवली. जावई दर रविवारी यायचं, औषधं आनायचं, उंबऱ्यात उभं राहायचं. ती तोंड फिरवायची. तुमी हात पाय धुवा, आत या म्हनायलाबी मला तोंड नव्हतं.

एका रविवारी ते असंच माघारी निगालं आन मी जिन्यानं मागनं गेलो. खाली मोटरसायकलपाशी गाठलं. म्हनलं, पाव्हणं, त्या रिमा बसत नव्हत्या. मला पयल्याच दिवशी कळालं हुतं. भोकं मी घासली.

ते म्हनलं, मला म्हाईत हाय मामा.

मी त्यांच्या तोंडाकडं बगितलं. ते म्हनलं, पाना तुमच्या पायापाशी सापडला, मी टपरीवरनं बगितलं हुतं तुमाला नट आवळताना, तवा काय समजलं न्हाय, मागनं समजलं. आन गॅरेजवाल्यानं कानशीचं वळ दाखवलं मला. मी म्हनलं, मग बोलला का न्हाई ओ, चार म्हयने शिव्या खाताय. तर म्हनलं, तिला आई न्हाय मामा. माझ्यावर रागवंल, आज ना उद्या बोलंल. तुमच्यावरनं तिचं मन उडालं तर ती जाईल कुटं?

असा मानूस. आन मी त्याच्या घरात सा वर्सं मांडीखाली हात घालून बसायचो, त्याला मी कवा वळकलंच न्हाय.

त्यांना खालीच थांबा म्हनलं आन मी वर गेलो. दिवा लावायचा टायम हुता. ती पोरांच्या वह्या तपासत हुती उजव्या हातानं, वाकड्यातिकड्या खुना करत. मी खाली बसलो आन समदं सांगितलं, माप, कानस, पाना, समदं. ती रडली न्हाय, वरडली न्हाय. एवढंच इचारलं, आप्पा, मी हाक मारली तवा तुमी ज्वारीत काय बगाया गेलता?

मी म्हनलं, भोकं.

ती उठली, एका हातानं कापडं पिशवीत भरली. पिशवीची चेन लावायला मी पुढं झालो तर माझा हात बाजूला केला. दातात धरून चेन लावली आन खाली उतरून नवऱ्यामागं बसून गेली.

सा म्हयने फोन न्हाय. जावई करायचं, ती बरी हाय म्हनायचं. तिचा हात खांद्याच्या वर जात न्हाय आता. फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिवते, पोरं म्होरं सरकून बसत्यात म्हनं. ह्ये मला जावयांनी सांगितलं, तिनं न्हाय.

मागच्या म्हयन्यात मी दुकानात बसलो हुतो आन तीच गाडी आली, आता साध्या लोखंडी रिमांवर. चालवत कोन, तर प्रज्ञा. शिकली म्हनं. उतरली, मालकाला म्हनली, खड्ड्यात एक रिम वाकलीया, बदलून पायजे. मालकानं माझ्याकडं बगितलं. ती म्हनली, चालंल, ह्यांनाच करू द्या. ह्यांना म्हनली, आप्पा न्हाय.

मी गाडीची रिम काडली आन तिच्यापुढं माप घेतलं. शंभर. नवी रिम आनली, तिचं माप घेतलं, शंभर. मधलं भोक, ते हबवर बसवून दाखवलं, हाताला हालतंय का तुमीच बगा म्हनलं. रिम आतल्या अंगाला किती जाती, तेबी दाखवलं, न्हायतर टायर घासतंय. नट खळग्यात बोटानं फिरवून दाखवला, चारी बाजूनं टेकतोय का. ती खाली बसून बगत हुती. समदं वहीत लिवून घेतलं डाव्या हातानं, वही गुडघ्यावर ठिवून. मग म्हनली, परत बगा. मी परत समदं माप घेतलं. परत, म्हनली. मी तिसऱ्यांदा घेतलं. मालक गालात हसत हुता, मला काय वाटलं न्हाय. तिनं दहा वेळा सांगितलं आसतं तर दहा वेळा घेतलं आसतं.

मी म्हनलं, पन्नास-साट किलोमीटर गाडी चालली की नट परत आवळून घ्यावं लागत्यात. तिनं मान हलवली. चार दिवसांनी आली. मी नट आवळलं, ती उभी राहून बगत हुती. चहा इचारला, नको म्हनली. जाताना काच खाली करून म्हनली, आप्पा, ऊन लई हाय, टोपी घालत जावा. आन गेली.

एवढं झालं. तुमी ह्ये छापनार म्हनलाय तर माझं नाव बदलू नका, जावयांचंबी खरंच ठिवा, त्यांना इचारलंय मी. ती वाचंल का न्हाय म्हाईत न्हाय. मला माफ कर म्हनायचं माझ्याच्यानं हुत न्हाय, आन ते तिच्याकडनं मागून घ्यायची चीजबी न्हाय. आता साठी उलटली, डोळ्याला कमी दिसतंय, दुकानात मापं घेताना चष्मा लावतो आन गिऱ्हाइकाला आकडा वाचाया लावतो. बसत नसंल तर बसत न्हाय म्हनतो, मालक कधीमदी कुरकुरतो, कुरकुरू द्या. तुमी लांबनं आलाव, उनाचं सावकाश जावा, आन तुमची लेकरं जितं कुटं असतील तितनं नीट घरला येऊ द्या.