पहिली मेख

हॅलो?… कोण?… अगं अल्पना, थांब जरा, मशीन बंद करते. काही ऐकूच येत नाहीये… हं, बोल आता. धारला सगळे बरे ना? आईचे गुडघे काय म्हणतात?… तेल लावतेस ना रोज? लाव बाई. यंदा थंडी हटायचं नावच घेत नाहीये.

बिझी कसली गं. एका टेंट हाउसवाल्याच्या कनाती आल्यात शिवायला. लग्नसराई आहे ना. तुझ्या नणंदेचा सगळा जन्म तंबूच्या कापडातच जायचा… हो, हे ड्यूटीवर गेलेत. बोल तू.

टेंट?… दुकानासाठी?… मग?… अच्छा, घरचा. फिरायला जायचा. बरं… गाडीवर लागतो तो? छतावरचा?… पाहिलाय गं. नुसता मोबाइलवर नाही, खराखुरा पाहिलाय. इथे टेकडीखाली उभी होती तसली एक गाडी, इंदूरची. मी गेले सरळ, म्हटलं भिया, जरा उघडून दाखवा ना… लाज कसली? त्याला वाटलं बाई विकत घेणार. सगळं दाखवलं बिचाऱ्यानं. मी कापड चिमटीत धरून पाहिलं, शिवण पाहिली, शिडीवर चढून पण आले.

ऐकतेस ना? तुझा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय?… स्पीकरवर ठेवलाय. कणीक मळतेस का. मळ, मळ.

हे बघ, छतावरचा म्हणजे झटपट काम. खटका सोडला की उघडतो, आत गादी तयार, शिडी लावली की माणूस वर. खाली ओल असो, खडे असोत, विंचू-किरडू असो, आपल्याला काय. मेखा ठोकायची कटकटच नाही… हो, पण वाऱ्यात हलतो बरं का. आणि गाडी हलवायची म्हटली की आधी सगळं घर मिटा. दूध आणायला जायचं तरी गादीसकट आवरा… हसू नकोस, खरं सांगते. आणि छताच्या रॅकला केवढं वजन सोसतं ते दीपेशला आधी विचारायला सांग. उभ्या गाडीवर सोसतं तेवढं पळत्या गाडीवर सोसत नाही. तो नाही विचारणार, मला माहीत आहे.

जमिनीवरचा?… त्याची गोष्टच वेगळी. उभं राहता येतं गं त्यात, साडी नेसता येते. म्हाताऱ्या माणसाला आत-बाहेर करता येतं. गाडी घेऊन कुठेही जा, टेंट आपला जागेवर. पण जागा साफ करा, उतार बघा, खाली ताडपत्री घाला… मेहनत आहे. ती तुझ्या नवऱ्याला झेपणार आहे का?

कोण कोण जाणार ते सांग ना आधी… तू, दीपेश आणि शौर्य. बस? मग विचारायचं काय त्यात. पचमढीला चाललात ना? दिवाळीत म्हणत होतात… हं… तिकडेच कुठेतरी. बरं… हो, हो… अगं ऐक ना, मग छतावरचाच घ्या. तिघांना होतो. हातपाय चालतात तोवर चढा शिड्या… पक्कं सांगते. माझ्याकडून हो.

परत सांगू? का?… छतावरचा चांगला, तोच घ्या. झालं?… जरा मोठ्यानं? तुझ्या कणकेला ऐकवायचंय का?

कोण खोकलं?… अल्पना, कोण आहे तिथे?… आई? आई तिथेच बसली आहे? मग दे ना तिच्याकडे… देशील, पण आधी काय?

"दुर्गा हो म्हणाली तर घ्या." असं म्हणाली आई… हो, तंबूचं काही असलं की ती मलाच विचारते. पण तुमच्या पचमढीच्या टेंटला आईची परवानगी कशाला?… मतलब? पचमढी नाही?… मग कुठे लावणार तो?

धरमपुरीला.

सप्तमीच्या मुक्कामाला… थांब. थांब जरा. नर्मदा जयंतीच्या मुक्कामाला?

अगं पण तिथे आपण राहुटी लावतो. आबांची राहुटी माझ्या घरात आहे, अल्पना. तूच तर घडी घालून माझ्या गाडीत ठेवलीस, म्हणालीस, वन्सं, उंदरांनी खाल्ली आहे, तुमच्याच हातानं नीट होईल. दिवाळीपासून ठिगळं लावतेय मी तिला. काल शेवटचं लावलं. तणाव्याचे दोर सगळे नवे ओवलेत. आणि तू म्हणतेस…

आई कुठे झोपणार?… नाही येणार ती… शिडी चढता येत नाही म्हणून. अच्छा. आणि मी?… दिवसा यावं. घाटावर दर्शन घ्यावं, जेवावं आणि संध्याकाळच्या बसनं देवासला परत. छान.

आणि मेख?… पहिली मेख, अल्पना. हळद-कुंकू वाहून वाळूत ठोकतो ती. ती कुठे ठोकणार?… लागत नाही. हो. छतावरच्याला मेख लागतच नाही. मीच तर म्हटलं आत्ता, कटकट नाही म्हणून.

दीपेशला दे… आहे तो तिथेच. मघाशी खोकला तो आईचा नव्हता. दे फोन.

दीपेश… हिंदीत नको. मराठीत बोल माझ्याशी. खोटं बोलायचं असलं की तू हिंदीत शिरतोस, शाळेपासूनची सवय आहे तुझी… साप, ओल, सगळं ऐकलं मी. आपले पणजोबा धारच्या दरबारच्या फरासखान्यात होते रे. सरकारचा मुक्काम पडायचा तिथे आधी जाऊन तंबू उभे करायचे आणि आपण झोपायचे खाली, उघड्यावर. त्यांना नाही चावले साप, ते तुला नर्मदेवर शोधत येणार?

मी चिडत नाहीये. मी विचारतेय. टेंट का बदलला?… नाही, ते नको. खरं सांग.

मग मी सांगते. आबांच्या शेवटच्या मुक्कामाला वाळू ओली होती. तू मेख ठोकलीस आणि तणावा ओढल्याबरोबर ती उपटून हातात आली. परत ठोकलीस, परत आली. आबांचे हात थरथरत होते तेव्हा, नाहीतर त्यांनीच ठोकली असती. त्यांनी मोगरी तुझ्या हातातून घेतली आणि माझ्या हातात दिली. सगळ्यांदेखत. फत्तेसिंगकाका होते, जुन्या फरासांची घरं होती. आणि म्हणाले, माझ्यामागे पहिली मेख दुर्गीची… म्हणाले ना?… मग.

तुला लागलं ते. मला दिसलं होतं तुझं तोंड. मलाही वाईट वाटलं रे, मी सगळ्या वाटेत तुझ्याकडे बघितलं नाही. पण मी मागितलं नव्हतं… गेल्या साली दुखवटा, म्हणून गेलो नाही. यंदा पहिल्यांदा जायचं, तर पहिल्यांदाच माझी पाळी येणार होती. म्हणून हे.

लोक काय म्हणतील… घरात मुलगा असताना लेकीनं मेख ठोकली. कोण म्हणेल, काका? ते तर तिथे बसून मान हलवत होते… बरं, म्हणतील. म्हणू देत. आबा बोलले त्यापेक्षा काका मोठे झाले का?

मी सासरची. हो, आहे. या घरची आहे, मान्य. पण राहुटी फाटली तेव्हा बरी माहेरची आठवली. ठिगळं लावायला माहेरची, आणि मेख ठोकायच्या दिवशी सासरची. असं कसं चालतं रे तुमचं?

मला तोंडावर नाही म्हटलं असतंस तर मी भांडले असते. रडले असते, दोन महिने बोलले नसते, मग आले असते राखीला. पण तुझी नाही म्हणायची छाती झाली नाही, म्हणून तू छतावर चढलास. आणि ते पण माझ्याच तोंडून हो म्हणवून. बायकोला पुढे केलंस, स्पीकर लावलास… तिची आयडिया नव्हती? मग कोणाची?

बोल ना.

जाऊ दे. आईला दे. आणि तो स्पीकर बंद कर… बंद कर म्हटलं ना.

आई?… हो, मीच. तुझा आवाज का बसलाय?… बरं, ऐक. मी हो म्हटलं ते पचमढीसाठी. मला वाटलं ती तिघं कुठेतरी फिरायला चाललीयत. मुक्कामाचं मला कोणी सांगितलंच नाही. तू आता दीपेशला सांग, दुर्गेनं त्याला हो म्हटलेलं नाही. एवढंच सांग. तू सांगितलंस की तो ऐकेल.

आई?

तुला माहीत होतं.

मी पचमढी म्हटलं, तेव्हा तू तिथेच होतीस. ऐकलंस. आणि अल्पना हं, हं करत राहिली, तेव्हाही ऐकलंस… आई, तू आबांना शेवटचं पाणी पाजताना शब्द दिला होतास. माझ्यासमोर. दुर्गीचा मान मोडू देणार नाही म्हणून. मी मागितला नव्हता, तू आपणहून दिलास… मग तो पाळायचा म्हणून माझ्याकडून हो हवं होतं. कसंही. म्हणजे शब्द पण राहिला आणि दीपेश पण खूश राहिला.

काय?… जरा मोठ्यानं बोल.

"मला त्याच्याच घरात राहायचंय."

हं.

नाही, बरोबर आहे तुझं. राहायचं आहेच. मी ये म्हटलं तरी देवासला तू दोन दिवसांच्या वर टिकत नाहीस. जावयाच्या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही तुझ्या… मी रागावले नाही, आई. रागावून कोणावर रागावू? वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ते मात्र वाटू दे मला.

मोगरी?… आहे माझ्याकडे. राहुटीबरोबरच आली होती… पूजेला हवी त्याला. मग पाठवते. हे परवा इंदूरला जाणार आहेत, तिथून धारच्या बसमध्ये देतील कोणाजवळ तरी… हो, तेल लावून पाठवते. दांडा जरा सुटलाय, पाचर मारून घे म्हणावं.

मेख नाही पाठवत… नाही, आई. मोगरी ने म्हणावं, मेख नाही… नुसती पूजेला तरी काय करणार तिचं? गाडीच्या बॉनेटवर ठेवून कुंकू लावणार?… तो म्हणतोय का तसं? खरंच?… नाही देणार. वाळूत जाणार असेल तर घेऊन मीच येईन. नसेल तर माझ्या देवघरात राहू दे.

बरं, एक सांग. सप्तमीला ती तिघं धरमपुरीला गेली की तू घरी एकटीच ना?… शेजारची येईल सोबतीला. ती कशाला? मी येते ना. राहुटी घेऊन येते. मागल्या अंगणात लावते, तू आणि मी आत झोपू. लहानपणी नाही का आबा तिथेच लावून वाळवायचे… पेव्हर बसवले? कधी?… नवी गाडी उभी राहावी म्हणून. सगळ्या अंगणात?

तुळशीपाशी तरी माती सोडली असेल ना?… वीतभर?… पुरे. वीतभर पुरे. राहुटी नाही लागली तर नाही. मला एकच मेख ठोकायची आहे. तू नुसती बाजूला बस, मी हळद-कुंकू घेऊन येईन, कोणाला दिसणार पण नाही. पाच मिनिटांचं काम. ते परत यायच्या आत काढून पण टाकीन… काय म्हणतेस? येऊ ना?

आई?… येऊ ना मी?

त्याला विचारून सांगतेस.

बरं… नाही, नाही, विचार. विचारून सांग… रडत नाहीये गं. मशीनवर कनात अर्धी राहिली आहे. ठेवते.