सिनेमातल्या बापाचा राग

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

शेती सोडून मी शिळफाट्याला एका कारखान्यात लागलो, म्हणून बाबा रागावले. त्यांचा राग असा, की मी समोर बसलेलो असतानाही ते आईला सांगणार, "त्याला म्हणावं, जेवून घे." आठवडाभर हेच चाललं होतं.

एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवर सिनेमा लागला होता. त्यातल्या बापाने मुलावर चिडून भरलं ताट भिंतीवर फेकलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"एवढा भात वाया घालवला. असा राग असतो काय गं?"

आई म्हणाली, "बरा हाय की. सांडलेला भात झाडून तरी घेता येतो. तुमचं हे गप बसणं कशानं झाडू?"

बाबा ताटात बघत पुढचा घास कालवू लागले. मीही मान खाली घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या आधी उठलो, चहा केला आणि ओटीवर बाबांसमोर ठेवला. म्हणालो, "लावणीला मी सुट्टी काढीन."

बाबांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साखर कमी टाकलीस रं."

मी आत जाऊन साखरेचा अख्खा डबाच घेऊन आलो.